काळीच हवी

३ फेब्रुवारी

मावशी,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. मी ठकी, तुझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. चौदा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय तेही कामासाठी, म्हणून आधीच कान धरते. फोनच करणार होते. पण तुझा पत्ता ज्यांनी दिला ते अंडीवाले म्हणाले, तुला हल्ली फोनवर नुसती खरखर ऐकू येते आणि तू वैतागून ठेवून देतेस.

सप्टेंबरात आईला झटका आला. उजवा हात आणि पाय गेल्यात जमा आहेत. आता धरून चालते, डाव्या हाताने जेवते. पण बोलणं गेलं. समजतं सगळं, डोळ्यांत दिसतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. डॉक्टर म्हणतात, येतील हळूहळू, घाई करू नका. मी ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी करते. सकाळी नऊला घर सोडते ते सहाला परतते. दिवसा एक बाई येतात, त्या तिला मागच्या अंगणात खुर्चीत बसवतात. अंगण म्हणजे काय, लांबीला दहा पावलं, रुंदीला सहा, तिन्ही बाजूंनी भिंत, एक नळ आणि कपडे वाळत घालायची तार.

तर महिन्यापूर्वी आई एक शब्द बोलली. 'काळी.' मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. त्यानंतर रोज तेच. अंगणाच्या दाराकडे बोट करायचं आणि म्हणायचं, 'काळी.' मी काळी शाल दिली, काळी छत्री उघडून दाखवली, काळं मांजर भिंतीवर आलं तेव्हा धावत जाऊन दाखवलं. प्रत्येक वेळी मान हलवते, नाही. मग मला आठवलं, लहानपणी ती मला झोपवताना आजीच्या कोंबड्यांच्या गोष्टी सांगायची. एखादी काळी कोंबडी तिची लाडकी होती का गं? 'कोंबडी हवी का?' असं विचारलं तर ती माझ्याकडे बघत राहिली. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

मी ठरवलंय, कोंबड्या पाळायच्या. मला पीस आणि खवला यातला फरकही नीट सांगता येणार नाही. किती आणू, कुठल्या, किती वयाच्या, शहरात जगतात का, काही माहीत नाही. सांगशील?

तुझी,
ठकी

---

११ फेब्रुवारी

ठके,

पत्र मिळालं. आईचं वाचलं.

आता कोंबड्यांचं.

एकटी कोंबडी आणू नकोस. एकटी राहिली की खात नाही, भिंतीला लागून उभी राहते. तीन आण. दोन आणल्यास आणि एक गेली तर उरलेलीचे हाल. पिल्लं मुळीच नकोत, ऊब द्यायला तू घरी नसतेस, आणि त्यातली निम्मी कोंबडे निघतात. कोंबडा शहरात ठेवलास तर आठवड्यात शेजारी तुलाच खुराड्यात कोंडतील. अंड्यासाठी कोंबडा लागतो असं तुला कोणी तरी सांगेलच. लागत नाही. तलंग आण. तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातली कोंबडी, साडेचार-पाच महिन्यांची. तिचा तुरा गुलाबी असतो, लाल व्हायला लागलेला.

विकत घेताना डोळे बघ, पाणीदार हवेत. नाक कोरडं हवं. शेपटीखालची पिसं स्वच्छ हवीत. छातीच्या हाडावरून बोट फिरव, हाड सुरीसारखं टोचलं तर उपाशी आहे. पायांवरचे खवले गुळगुळीत हवेत. आणि पकडल्यावर आरडाओरडा करणारी घे, गप्प राहणारी घेऊ नकोस. गप्प राहणाऱ्यांच्या पोटात काय चाललंय ते शेवटपर्यंत कळत नाही.

पांढऱ्या बारीक जातीच्या खूप अंडी देतात, पण भित्र्या असतात, भिंतीवरून उडतील. तपकिरी जाड बुडाच्या शांत असतात, आजारी माणसाजवळ त्या बऱ्या. काळ्या पण मिळतात. आमच्या आईकडे काळी कोंबडी होती खरी. फार काही विशेष नव्हती.

खुराडं जमिनीपासून हातभर वर कर, तीन बाजू बंद, चौथीला बारीक जाळी. मोठ्या भोकांची जाळी घेऊ नकोस, मांजराचा पंजा आत जातो. आत बसायला दांडी, आणि एका कोपऱ्यात भुशाची पेटी.

माझ्याकडे साठ आहेत. सकाळी पाचपासून त्यांच्यामागे असते. कानाचं म्हणशील तर अंडीवाला खरं बोलला. पण कोंबड्यांशी बोलायला कान लागत नाहीत.

एक विचारते. ती 'काळी' कशी म्हणते? चिडून? की हाक मारल्यासारखं?

मावशी

---

१६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवलं. ते आता स्वयंपाकघरात टांगलंय. बाईंनीही वाचलं. 'गप्प राहणारी घेऊ नकोस' हे वाचून त्या म्हणाल्या, 'तुमच्या मावशी माणसांबद्दल लिहितायत की काय?'

खुराडं झालं! ग्रंथालयातली जुनी पुस्तकांची मांडणी मोडीत निघत होती, ती मागून आणली. तीन कप्पे होते, मधल्या फळ्या काढल्या. जाळी ठोकताना अंगठ्यावर हातोडी मारून घेतली. पुस्तकं शिवणाऱ्या माणसाने सुतारकाम करू नये. वरच्या मजल्यावर शिंपीकाका राहतात, त्यांची परवानगी काढायला गेले. म्हणाले, 'माझं मशीन दिवसभर खडखडतं, तुम्ही चौदा वर्षांत कधी बोलला नाहीत. तुमच्या कोंबड्यांना मी काय बोलणार?' आणि दुसऱ्या दिवशी खुराड्याच्या मापाचा जाड कापडी पडदा शिवून घेऊन आले, वाऱ्यासाठी.

रविवारी बाजारात गेले होते. एकाने मला धडधडीत कोंबडा दाखवून तलंग म्हणून सांगितलं. मी म्हटलं, 'मग याला शेपटीत एवढी लांब वाकडी पिसं कशी?' तो म्हणाला, 'हौशी आहे.' तिथल्या कोंबड्या एकीवर एक कोंबलेल्या होत्या, डोळे अर्धे मिटलेले. एकही घ्यावीशी वाटली नाही. तिथे काळी एक होती, पण गप्प.

तू विचारलंस, आई कशी म्हणते. मी नीट ऐकलं. चिडून नाही. हाक मारल्यासारखंही नाही. विचारल्यासारखं. म्हणजे कोणी तरी यायचं आहे आणि अजून आलं नाही, तर आपण कसं विचारू, तसं. शेवटी आवाज वर जातो आणि मग ती थांबते. उत्तर यायला वेळ देते.

मावशी, तूच ये ना. तू निवडून आण. तुला आणि आईला एकमेकींशी न बोलायचं काय कारण झालं ते मला कधी कोणी सांगितलं नाही. बाबा असताना मला वाटायचं, त्यांचंच काही तरी बिनसलं असेल. आता ते नाहीत. जे असेल ते असो, आई आता भांडूही शकत नाही.

तुझी,
ठकी

---

२७ फेब्रुवारी

ठके,

उत्तराला उशीर झाला. कोंबड्या पिसं टाकतायत, त्यांच्याकडे बघावं लागतं. मला येता येणार नाही. साठ जीव कोणाच्या भरवशावर टाकू? बेकरीवाल्याची सून दोन दिवस बघते, पण ती दारं लावायला विसरते.

तरी तुझं काम करते. अंडीवाला चार तारखेला तुमच्या बाजूला येतोय, त्याच्या गाडीतून तीन तलंगा पाठवते. गेले आठ दिवस निवडतेय. आधी पाच बाजूला काढल्या, मग एक भांडखोर निघाली, एकीचा पाय मला पसंत पडला नाही. उरल्या तीन. एक तांबडी, तिला कोणीही उचलून मांडीवर घेतलं तरी चालतं. एक करडी, ठिपक्यांची, ती हावरट आहे पण मनाने चांगली. आणि एक काळी. ती मी शेजारच्या वाडीतून आणली, माझ्याकडे काळ्या नव्हत्या. मान उन्हात हिरवट चमकते. तिला तुझ्या आईच्या डाव्या हाताला सोड. उजवीकडे सोडलीस तर बिचारीला हात लावता येणार नाही.

पहिले तीन दिवस खुराड्यातच ठेव, घर कुठलं ते त्यांना कळू दे. मक्याचा भरडा आणि पाला दे, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, नाही तर अंड्याचं कवच पातळ होतं. अंगणाच्या एका कोपऱ्यात कोरडी माती आणि राख टाक, त्यात त्या लोळतात. लोळताना बघून घाबरू नकोस, मेल्यासारख्याच पडतात.

अंडीवाल्याबरोबर एक बरणीही देतेय. त्यात चाटण आहे, खोकल्याचं. तिला थंडीत खोकला व्हायचा. अजून होतो का ते मला माहीत नाही.

मावशी

---

६ मार्च

प्रिय मावशी,

आल्या! पाटीत भुशावर तिघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. अंडीवाले म्हणाले, 'तुमच्या मावशींनी मला वाटेत दोनदा थांबून पाणी पाजायला लावलंय. मला नाही, यांना.'

तू सांगितलंस तसं तीन दिवस थांबायचं होतं, पण आईने पाटी बघितली आणि ती खुर्चीतून उठायला लागली, म्हणून काळीला मी थोडा वेळ बाहेर काढलं. आईच्या डाव्या हाताला दिली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, अगदी सवयीचा हात, मानेपासून शेपटीपर्यंत, पिसांच्या दिशेने. मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, 'आई, ही बघ काळी. आली.'

मावशी, आईने मान हलवली. नाही.

मी पुन्हा म्हटलं, 'अगं, काळी हवी होती ना?' तिने कोंबडीला हळूच बाजूला केलं. मग रिकाम्या पाटीकडे बघितलं, अंडीवाल्यांच्या मागे बघितलं, दाराकडे बघितलं. 'काळी?' मग तिला तुझी बरणी दिसली. तिने ती डाव्या हाताने ओढून घेतली आणि छातीशी धरली, आणि इतकी रडली की बाईंना आणि मला दोघींना मिळून तिला आत आणावं लागलं. रात्रभर बरणी उशाशी होती. अजूनही सोडत नाही. चाटण खायला द्यायचं म्हटलं तरी झाकण उघडू देत नाही.

मी कुठली जात आणायला हवी होती? वेगळी काळी असेल का, ठिपक्याची, तुऱ्याची? आजीची ती कोंबडी कशी होती ते तू मला नीट लिहून पाठव, मी शोधते. कुठूनही शोधते. मावशी, सहा महिन्यांत तिने एकच गोष्ट मागितली आहे आणि ती मला देता येत नाही.

ठकी

---

९ मार्च

ठके,

आमच्या आईकडे काळी कोंबडी कधी नव्हतीच. मी तुला खोटं लिहिलं. सगळ्या तांबड्या होत्या, एक पांढरी.

काळी म्हणजे मी.

लहानपणी मी रंगाने अशी होते की शाळेतल्या बाई मला मागच्या बाकावर शोधायच्या. तुझी आई माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिने मला ताई कधी म्हटलं नाही. 'काळे, वेणी घाल.' 'काळे, मला उचल.' बाकी कोणी काळी म्हटलं तर ती त्यांना चावायला धावायची, तो हक्क फक्त तिचा. ती ठेंगणी होती म्हणून मी तिला बुटकी म्हणायचे. चिठ्ठीवर पण आम्ही तेच लिहायचो. आमची खरी नावं आम्हाला परक्यासारखी वाटायची.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. कळलं, आणि मी तुला जाळीच्या भोकांचं लिहीत बसले.

आता कारण ऐक. तुझी आजी तीन महिने अंथरुणावर होती. मी एकटी होते. मी तुझ्या आईला दोन पत्रं पाठवली, ये म्हणून. तिचं उत्तर आलं, 'आत्ता जमत नाही, का ते नंतर सांगते.' आई रोज विचारायची, बुटकी आली का? मी रोज सांगायचे, निघाली आहे. आई गेली. तुझी आई पाच दिवसांनी आली. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. मी दारात उभी होते. मी म्हटलं, 'आता कशाला आलीस? जिच्यासाठी यायचं ती वाट बघून गेली.' ती काही तरी सांगायला लागली. मी म्हटलं, 'मला ऐकायचं नाही.' तेव्हा मला चांगलं ऐकू येत होतं, ठके.

ती तिथेच उभी राहिली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. मग ती वळली आणि गेली. मला वाटलं, चिडून दोन-चार दिवसांत पत्र लिहील. मी पण लिहिलं नाही. एकदा दिवस उलटले की मग लिहायला तोंड राहत नाही.

कोंबड्यांमुळे येता येत नाही हे खोटं आहे. बेकरीवाल्याची सून दारं नीट लावते. मी कुठल्या तोंडाने त्या दारात येऊन उभी राहू, एवढंच मला कळत नाही.

मावशी

---

३० मार्च

मावशी,

तीन आठवडे मी तुला लिहिलं नाही. रागावले होते. तुझ्यावर, आईवर, त्या सगळ्या न लिहिलेल्या पत्रांवर. मी दिवसभर फाटक्या पुस्तकांची पानं जुळवते आणि माझ्याच घरातली इतकी पानं गहाळ आहेत.

त्यातलं एक माझ्याकडे आहे, ते देते.

आजी गेली त्या महिन्यात मी दवाखान्यात होते. विषमज्वर झाला होता, तो पोटात उतरला. चोवीस दिवस. मी एकोणीस वर्षांची होते, अर्ध्याहून जास्त दिवस मला आठवतसुद्धा नाहीत. बाबा तेव्हा कामासाठी लांब होते. आई माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपायची. तिने तुम्हाला कळवलं नाही, कारण आजीच्या कानावर गेलं असतं. मला घरी आणलं आणि मी उठून बसायला लागले त्याच दिवशी तिने मला शेजारणीच्या ताब्यात दिलं आणि पिशवी उचलली. दुसऱ्या दिवशी रात्री परत आली. मी विचारलं, 'भेटलात सगळे?' म्हणाली, 'हो.' मग तिने माझ्यासाठी पेज केली. एवढंच मला आठवतं.

आणि दुसरं. आई चार गल्ल्या ओलांडून चौकातल्या दुकानातून अंडी आणायची. कोपऱ्यावर दुकान असताना. मी कितीदा तिला वेड्यात काढलं. ती म्हणायची, 'तिथली चांगली असतात.' ती कोणाकडची अंडी होती ते मला जानेवारीत कळलं, जेव्हा दुकानदाराने विचारलं की आजकाल तुमच्या आई दिसत नाहीत, आणि सांगितलं की ती नाव घेऊन तुझ्याकडचीच अंडी मागायची. तुला पत्र लिहायचं सुचलं ते त्यामुळे.

तुझं पत्र काल आईला वाचून दाखवलं. सगळं, दारापाशी झालं ते पण. मला वाटलं, रडेल. ती खिडकीकडे बघत ऐकत होती. 'शाळेतल्या बाई मला मागच्या बाकावर शोधायच्या' इथे तिच्या खांद्यांना हिसका बसला. मी घाबरून बघितलं तर हसत होती. तोंड एका बाजूला ओढलं जातं, त्यामुळे हसणं ओळखायला मला वेळ लागला.

कुठल्या तोंडाने यायचं ते तू ठरव. दार आमचं आहे, ते उघडं आहे.

ठकी

---

२४ एप्रिल

ठके,

घरी नीट पोचले. कोंबड्या ठीक आहेत. सुनेने दारं नीट लावली होती.

तुझ्याकडे आले त्या दिवशी संध्याकाळी तू कामावरून येऊन विचारलंस, 'काय बोललात दोघी?' मी म्हटलं, काही नाही. दहा दिवस राहिले पण तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुला कळवलं नव्हतं कारण कळवलं असतं तर मी निघाले नसते. अकराच्या सुमाराला बाईंनी दार उघडलं. मी स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत गेले. ती अंगणात खुर्चीत होती, पाठमोरी. किती लहान झाली आहे गं. केस कापलेत ते मला माहीत नव्हतं. तांबडी तिच्या पायाशी लोळत होती. मी उंबऱ्यापाशी थांबले. तिने वळून बघितलं. माझ्या चपलांपासून केसांपर्यंत बघितलं. आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला वाटलं, बरोबर आहे. हिशोबात बसतं. बाईंनी स्टूल आणून दिलं, मी बसले नाही. तिने बस म्हटल्याशिवाय कशी बसू? उभी राहिले. मनातल्या मनात जे सांगायचं ते सांगत होते. तू लिहिलेलं चटईचं, चोवीस दिवसांचं. मी एक शब्द विचारला असता तर तिने सांगितलं असतं, दारातच सांगितलं असतं. गुडघे भरून आले. किती वेळ गेला माहीत नाही, ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं.

मग बाईंनी तिला चहा आणून दिला. तिच्या बाजूच्या छोट्या टेबलावर ठेवला. तिने डाव्या हाताने कप ढकलला. थोडासा. मला वाटलं, नको आहे. पुन्हा ढकलला, टेबलाच्या माझ्याकडच्या कडेपर्यंत. मी बाईंना म्हटलं, 'सांडेल, उचला.' बाई मोठ्याने, माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, 'अहो, तुम्हाला देतायत!'

मी तो चहा उभ्यानेच प्यायले, ठके. साखर नव्हती त्यात. इतका गोड चहा मी कधी प्यायले नव्हते, असं काही लिहिणार नाही, कडूच होता. पण मी तळापर्यंत प्यायले. कप खाली ठेवला तेव्हा ती माझ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही. इतके दिवस ती म्हणत होती आणि मी समोर आले तर माझे कान गेलेले. पण ओठ दिसले.

मी म्हटलं, 'आले गं, बुटके.'

मग तिने स्टुलाकडे बोट केलं.

तू आलीस तेव्हा आम्ही नुसत्या बसलेल्या होतो. करडीने त्या दिवशी पहिलं अंडं घातलं होतं, ते तुला दाखवायचं दोघीही विसरलो.

मावशी

---

५ मे

प्रिय मावशी,

तिघीही अंडी द्यायला लागल्या आहेत. काळीचं अंडं सगळ्यात लहान. शिंपीकाकांना एक दिलं तर त्यांनी ते कानाशी हलवून बघितलं, घड्याळासारखं.

तू गेल्यापासून आई सहा दिवस काहीच बोलली नाही. 'काळी'सुद्धा नाही. मी घाबरले, डॉक्टरांना फोन केला. सातव्या दिवशी तिने बाईंना खुर्ची फिरवायला लावली. आता ती अंगणाकडे पाठ करून, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसते. कोंबड्यांकडे बघतही नाही. बाई म्हणतात, अकरा वाजले की केस सारखे करून घेते.

आणि काल नवीन शब्द आला. दुसरा. मी भाजी चिरत होते. मागून स्पष्ट ऐकू आलं.

'कधी?'

मी म्हटलं, 'काय कधी, आई?' तिने दाराकडे बोट केलं. 'कधी?' मी म्हटलं, लवकरच येईल मावशी. तिने मान हलवली. तिला 'लवकर' चालत नाही. दिवसभरात बारा वेळा विचारते, आणि मी दर वेळी वेगळं काही तरी सांगते, आणि तिला दर वेळी कळतं की मला माहीत नाही.

मी तुला ये असं म्हणत नाही. तुझं घर आहे तिथे, साठ जीव आहेत. पण तिने विचारलंय तुला, मला नाही. म्हणून तिचा प्रश्न तुला पाठवते.

ठकी

---

९ मे

बुटके,

हे पत्र तुला आहे. ठकीला वाचून दाखवायला सांग, भरभर वाचायला लागली तर तिच्यावर डोळे वटार.

बावन्न कोंबड्या बेकरीवाल्याच्या सुनेला दिल्या. ती माझ्याहून चांगली आहे त्यांच्याशी, मी तिला नावं ठेवायचे ती उगीच. दोन म्हाताऱ्या झाल्यात, त्या इथेच पडवीत राहतील, दाणापाणी तीच बघेल. चार मी बरोबर आणतेय. ठकीला सांग, खुराडं वाढवावं लागेल, आणि या वेळी हातोडी शिंपीकाकांच्या हातात द्यावी. घर सध्या बंद ठेवतेय. खुंटीवरचे कपडे, आईचा पितळी डबा आणि माझी उशी एवढंच सामान आहे. मला वाटलं होतं, आवरायला महिना लागेल. अर्ध्या दिवसात झालं.

चौदा वर्षं तू मला काही विचारलं नाहीस, मी तुला काही सांगितलं नाही. आता विचारलंस तर नीट सांगते.

वीस तारखेला. मंगळवारी. अंडीवाल्याच्या गाडीने, सकाळी.

आणि आल्यावर पुन्हा 'कधी' विचारू नकोस. परत जायचं मी काही ठरवलेलं नाही.

तुझी,
काळी